कानाच्या मापाचे बोळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाची टिपणांवरून तयार केलेली प्रत)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर लोणची-मुरंब्यांपासून मृत्युपत्रापर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. रायफल चालवताना कानात काय घालावे, हा विषय मात्र पहिल्यानेच येत असावा. मी तो सुचविला तेव्हा चिटणीसबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण आपल्यापैकी बंदूक उडवणाऱ्या अशा कितीशा आहेत?" मी म्हटले, "उडवणाऱ्या चौघीच आहोत. पण ज्यांच्या मुली, नाती, भाच्या रेंजवर जातात त्या मोजा, मग सांगा." मोजल्या तर एकोणीस निघाल्या. तेव्हा कुठे मला आजची ही खुर्ची मिळाली.

कोल्हापुरात याचे नवल वाटावयास नको. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले. त्यांचे फोटो पाहून आपल्या मुली रेंजवर जाऊ लागल्या. त्यांना सोडावयास गेलेल्या आया बाकावर बसून कंटाळल्या आणि त्यांतल्या काहींनी हौसेने हातात रायफल घेतली. मी त्या आयांपैकी एक.

नेम कसा धरावा हे मी आज सांगणार नाही. ते सांगण्याइतका माझा नेम चांगलाही नाही. मी बोलणार आहे ती कानांविषयी, आणि विशेषेकरून माझ्या डाव्या कानाविषयी. तो मी माझ्याच चुकीने अर्धामुर्धा घालवून बसले आहे. सभेला आले की मी नेहमी डाव्या हाताच्या टोकाला बसते, हे आपल्यापैकी काही जणींनी पाहिले असेल. मला कोपरा आवडतो असे नव्हे. तेथे बसले म्हणजे सगळ्याजणी माझ्या उजव्या कानाकडे येतात.

हकीकत अशी. माझी मुलगी आधी हवेच्या रायफलीवर शिकली. तिचा आवाज त्या मानाने सौम्य असतो. पुढे ती पॉइंट टू-टूच्या रायफलीवर गेली, तेव्हा तिच्या शिक्षकांनी स्पष्ट सांगितले की, कानांचे संरक्षण नसेल तर रेषेवर उभे करणार नाही. आम्ही पुण्याला जाऊन श्रवणतज्ज्ञांकडून तिच्या कानांच्या मापाचे बोळे करून आणले. लाल आणि निळे, कसे पेपरमिंटच्या गोळ्यांसारखे दिसत. पुढे २०१४ च्या दिवाळीनंतर मी क्लबची रायफल चालवू लागले, तेव्हा माझ्यासाठी तसे बोळे करून घ्यावे हे घरात कोणाला सुचले नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. मी काय, आठवड्यातून एकदा हौसेने चार फैरी झाडणार! घरात देवाच्या वातींचा कापूस होता. त्याचेच दोन बोळे वळून मी कानात सारले. रेंजवर कानांच्या संरक्षणाची पाटी होती, ती मी वाचलीही होती. कापूस घातला म्हणजे पाटीचा मान राखला, अशी माझी समजूत.

भगिनींनो, कापसाने आवाज अडत नाही. कापूस सच्छिद्र असतो. त्याने आवाज अगदी किंचित उणा होतो आणि कानात काहीतरी आहे एवढे समाधान मात्र मिळते. धोका आहे तो त्या समाधानात.

दीड-दोन वर्षांनी रात्री दिवा मालवला की डाव्या कानात रातकिडा ओरडू लागला. आधी वाटले, बागेत आहे. मग एकदा भर जानेवारीच्या थंडीत, खिडक्या लावलेल्या असतानाही तो ओरडतच होता. त्याच सुमारास भाजीवालीने "साठ" म्हटले ते मी "आठ" ऐकले आणि आठ रुपये काढून दिले. तिने माझ्याकडे असे पाहिले की, मंडईत पुन्हा त्या बाजूला जाण्याची मला चोरी झाली. तेव्हा हसले, परंतु कारण हसण्यासारखे नव्हते. 'स', 'श', 'फ' हे वर्ण उंच पट्टीच्या आवाजाचे असतात, आणि बंदुकीने कान बिघडतो तो प्रथम त्याच पट्टीत. २०१६ साली तपासणी केली. श्रवणालेखावर चार हजार हर्ट्झपाशी दोन्ही रेषा खाली घसरल्या होत्या आणि डाव्या कानाची तर विहिरीत उतरावी तशी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, रायफल उजव्या खांद्यावर धरता ना?" मी चकित झाले. उजव्या खांद्याने रायफल चालवणाराचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून डावा आधी जातो. हे दुखणे त्यांच्या नित्याच्या ओळखीचे होते.

आता हे का होते ते थोडक्यात सांगते. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात बारीक केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेने हे तंतू हलतात आणि त्याची बातमी मेंदूला जाते. फार मोठ्या धक्क्याने ते मोडतात. कातडीला जखम झाली तर भरते, हाड मोडले तर सांधते. पण माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की परत उगवत नाही. त्यावर गोळी नाही, तेल नाही, की शस्त्रक्रिया नाही.

आणि आवाज केवढा? आपण बोलतो तो सुमारे ६० डेसिबल. पॉइंट टू-टूच्या रायफलीचा आवाज सुमारे १४० डेसिबलपर्यंत जातो. मोठ्या पिस्तुलाचा १६० च्या घरात. आकडे पाहून वाटेल की दुप्पट-अडीचपट असेल. डेसिबलचा हिशेब तसा नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे ६० चे १४० झाले तर ती दहा कोटीपट झाली! जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्या माणसांना १४० आणि मुलांना १२० ही कमाल मर्यादा सांगितली आहे. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद रेंजमध्ये तोच आवाज भिंतींवरून परतून येतो आणि त्रास आणखी वाढतो. गिरणीतला आवाज वर्षानुवर्षे कान झिजवतो, बंदुकीला मात्र तेवढी सवड लागत नाही. "आज एकदाच राहू दे" हे येथे चालत नाही, ते यासाठी.

आता घालावे काय? मी क्रमाने सगळे करून पाहिले आहे, म्हणून क्रमानेच सांगते.

पहिले, फोमचे बोळे. पाच-दहा रुपयांना जोडी मिळते. त्यांना नावे ठेवू नका. नीट बसले तर ते उत्तम काम करतात, कित्येकदा मापाच्या महागड्या बोळ्यांहूनही अधिक आवाज अडवतात. पण "नीट बसले तर" यातच सगळी मेख आहे. बोळा बोटांनी वातीसारखा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. किती जणी असे करतात? शिवाय आपल्या बायकांच्या कानाची नळी बहुधा अरुंद असते. पुरुषी मापाचा बोळा तीत अर्धाच शिरतो आणि चार फैरींनंतर हळूच बाहेर डोकावतो. माझे असेच होई. फोमचेही लहान माप मिळते, ते मुद्दाम मागून घ्यावे.

दुसरे, कानावरचे मफ. हे घालायला सोपे आणि शिक्षकांना लांबूनही दिसते की घातले आहे. लहान मुलींना सुरुवातीला हेच बरे. पण रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकवला की त्या बाजूचा मफ दस्त्याला लागून उचलला जातो. चष्म्याची काडी त्याच्या गादीखालून जाते तेथे फट राहते. अंबाड्यावर त्याची पट्टी धड बसत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात आत घामाची आंघोळ होते. मग आपण तो "जरा वेळ" सरकवून ठेवतो, आणि नेमका तेव्हाच शेजारचा चाप ओढतो.

तिसरे, कानाच्या मापाचे बोळे. याविषयी जास्त सांगावयाचे आहे, कारण येथे पैसेही जास्त जातात आणि फसगतही होते. माझी झाली.

तपासणीनंतर मी शहाणी झाले आणि मापाचे बोळे करावयास निघाले. परंतु पुण्याला कोण जाणार, म्हणून जवळच्याच एका दुकानात गेले. तेथल्या गृहस्थाने कानात डोकावूनही न पाहता लगदा भरला, दोन मिनिटांत काढला आणि आठवड्याने बोळे हातात ठेवले. दिसायला झकास. बोलण्यासाठी तोंड उघडले की मात्र बाहेरचा आवाज भसकन आत येई. मला वाटले, असेच असते. सहा महिने मी ते वापरले. शेवटी मुलीच्या तज्ज्ञबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, हे बोळे कानाच्या दाराशीच थांबले आहेत." माप घेतले म्हणजे ते बसलेच असे नाही, हे आपण ब्लाउज शिवायला टाकतो तेव्हा किती चांगले जाणतो! कानाच्या बाबतीत मात्र मी एकदाही उसवून पाहिले नाही.

खरे माप कसे घ्यावयाचे ते मी मग पाहिले. आधी त्या बाईंनी दुर्बिणीने दोन्ही कान तपासले. मळ असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठसा घेऊच नये. मग त्यांनी दोऱ्याला बांधलेला स्पंजाचा एक छोटा तुकडा कानाच्या नळीत दुसऱ्या वळणापलीकडे बसविला. हा फार महत्त्वाचा. तो नसेल तर लगदा थेट पडद्यापर्यंत जाऊ शकतो आणि काढावयास शस्त्रक्रियेची पाळी येते. त्यानंतर दोन प्रकारचे सिलिकॉन कणकेसारखे एकत्र मळून पिचकारीने कानात भरले. घट्ट होईपर्यंत चार-पाच मिनिटे मी दातांत एक ठोकळा धरून तोंड उघडे ठेवले होते. जबडा हलला की कानाची नळी आपला आकार बदलते; मिटल्या तोंडाने घेतलेल्या ठशाचा बोळा तोंड उघडताच सैल पडतो. माझ्या पहिल्या बोळ्यांचे दुखणे हेच. ठसा काढल्यावर पुन्हा दुर्बिणीने कान पाहिला आणि ठशात नळीची दोन्ही वळणे उमटली आहेत की नाहीत ते मला दाखविले. काही ठिकाणी आता लगद्याऐवजी यंत्राने कानाचे चित्रही घेतात.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो पुरुष गिऱ्हाइकाला कोणी विचारत नसावे. "काकू, बुगडी घालता का?" बोळा कानाच्या वरच्या पाळीच्या घडीत अडकून बसतो, तेथेच आपली बुगडी असते. ती काढूनच ठसा घ्यावयाचा आणि रेंजवरही काढूनच जावयाचे.

मग निवड. बोळा भरीव घ्यावा, की गाळणीचा, की विजेचा? भरीव बोळा सगळाच आवाज अडवतो. साधा आणि भरवशाचा. गाळणीच्या बोळ्यात एक सूक्ष्म छिद्र असते. साधे बोलणे त्यातून आत येते, आणि बंदुकीचा जोरदार धक्का आला की त्याच छिद्रात तो गुदमरतो. धक्का जितका मोठा तितका अडसर मोठा. म्हणून मध्यम आवाजाला ती गाळणी त्या मानाने कमी अडवते. उघड्या मैदानावर ठीक, बंद रेंजमध्ये मी त्यावर विसंबणार नाही. विजेच्या बोळ्यात बारीक ध्वनिग्राहक असतो. तो बोलणे ऐकवतो आणि स्फोट झाला की आवाज दाबतो. सोय मोठी, किंमतही मोठी. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेत खेळाडूला आवाज ग्रहण करणारे साधन कानात घालता येत नाही. ऐकू कमी येणाऱ्या खेळाडूला तेवढी परवानगी मागता येते. तेव्हा मुलगी स्पर्धेत उतरणार असेल तर आधी विचारा, मग पैसे मोजा. आणि ढोल-ताशा पथकातल्या मुली गाण्या-बजावण्यासाठीचे मापाचे बोळे घेतात, ते रेंजवर नेऊ नका. संगीताचे सूर न बिघडता आवाज थोडा उतरावा, एवढ्यासाठीच ते केलेले असतात.

मी भरीव घेतले, मऊ सिलिकॉनचे. रायफलीच्या दस्त्याला ते लागत नाहीत आणि दोन तास घातले तरी खुपत नाहीत. म्हणून मी ते काढत नाही, आणि मापाच्या बोळ्यांचा खरा लाभ तोच. डबीवर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो आकडा प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक बसवून काढलेला असतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या संस्थेने तर १९९८ साली सांगितले होते की, प्रत्यक्षात मफच्या आकड्यातून पाव भाग आणि फोमच्या आकड्यातून निम्मा वजा धरावा. बंद रेंज किंवा मोठे पिस्तूल असेल तर बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही घालावे. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज होत नाही, वरचेवर पाचएक डेसिबलचीच भर पडते. पण तेथे तीही हवी.

बोळे हातात आले की तेथेच बसवून पाहा. आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला पाहिजे. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. बाहेरचा गलका आणखी कमी झाला, तर बोळ्याला कोठेतरी फट आहे असे समजा आणि परत करावयास लाजू नका. लाल उजव्याचा, निळा डाव्याचा. कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावे, पुरते वाळवावे. आपल्या पावसाळ्यात ओल राहिली तर कानात बुरशी धरते. मुलींचे कान वाढतात, त्यांचे माप वर्षा-वर्षाने पाहावे. आपले वजन उतरले, दात काढले, तरी बोळा सैल होतो. दोन-चार वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे. आणि रायफल हातात धरण्यापूर्वी एकदा श्रवणालेख काढून ठेवावा, म्हणजे पुढे घसरण झाली तर ती वेळीच कळेल.

आता एकच गोष्ट सांगते आणि थांबते. २०२१ साली माझी आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिला मोठ्याने बोलवत नव्हते. एका रात्री मी तिच्या उशाशी होते. पलंग भिंतीला लावलेला, त्यामुळे मी ज्या बाजूला बसले होते त्या बाजूने माझा डावा कान तिच्याकडे होता. तिने काहीतरी म्हटले. मला ते कळले नाही. मी वाकले, तिने पुन्हा म्हटले, आणि मी "हो आई, हो" म्हणाले. तिला तिसऱ्यांदा बोलावयास लावण्याचे माझ्या जिवावर आले. ती गप्प राहिली. पाणी मागितले असेल, पाय चेपावयास सांगितले असेल, की आणखी काही, कोण जाणे. सकाळपर्यंत तिला शुद्ध राहिली नाही.

लेकीच्या कानांसाठी मी पुण्याला गेले आणि आपल्या कानात देवाच्या वातींचा कापूस घातला. यात मी काही मोठा त्याग केला असे मला तेव्हाही वाटले नव्हते, नुसते सुचले नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींना आपल्या बाबतीत असे सुचत नाही, म्हणून हे सांगण्याचा प्रपंच. मुलीचे बोळे करावयास जाल तेव्हा त्याच खुर्चीत तिच्यानंतर आपण बसा. बाकावर बसून नुसत्या पाहत असाल, तरीही काहीतरी धड कानात घाला. एका बऱ्यापैकी पैठणीहून ते नक्कीच स्वस्त पडते.

मी अजून रविवारी रेंजवर जाते. रातकिडा आहेच, उरलेले मात्र मी जपून ठेवले आहे. दर वर्षी तपासणी होते आणि रेषा २०१६ साली होत्या तेथेच आहेत.

 कोणाला शंका असतील तर जरूर विचाराव्या. फक्त माझ्या उजव्या बाजूने याव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.